पेटींतील कारभारी

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याणनंतरचें पहिलें स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. पुण्याच्या गाड्या याच मार्गानें, तेथें न थांबतां, धडधडत निघून जातात. फलाटावर उभा असलेला मनुष्य हातांतील फोनवर लोकलचें तिकीट काढतो, बँकेंतील शिल्लक पाहतो, मुलीच्या परीक्षेचा निकाल शोधतो, आणि प्रत्येक प्रश्नाला त्याला पळभरांत उत्तर मिळतें. तें उत्तर फोनमध्यें सांठवलेलें नसतें. कोठेंतरी दूर, एका थंड पण अत्यंत गोंगाटाच्या खोलींत रात्रंदिवस जागा असलेला एक संगणक तें पाठवीत असतो. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात, हें आतां घरोघरीं ठाऊक आहे. परंतु सोळा-सोळा सर्व्हर एकाच पेटींत नांदविणारी जी व्यवस्था, आणि त्या पेटींत बसून सर्वांवर देखरेख करणारा जो एक लहानसा कारभारी, त्यांची हकीकत सहसा कोणाच्या कानांवर येत नाहीं. ती आज सांगावयाची आहे.

विठ्ठलवाडीच्या लोकांना या व्यवस्थेची मूळ कल्पना परकी वाटूं नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणच्या या बाजूस लष्कराची मोठी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. बराकीचें छप्पर एक, आंत कुटुंबें अनेक. चूल ज्याची त्याची, नळ आणि वाट मात्र सामाईक. आजहि तेथील कित्येक पत्त्यांत कॅम्पचा आणि बराकीचा आंकडा सांगावा लागतो. ब्लेड सर्व्हरची पेटी हीहि एक प्रकारची बराकच होय. प्रत्येक ब्लेड हा स्वतंत्र संगणक असतो. त्याचा मेंदू, त्याची स्मृति, त्याचें काम हीं त्याचीं स्वतःचीं. परंतु वीज, वारा आणि बाहेर जाण्याची वाट हीं तिन्ही सामाईक असतात.

सामान्य सर्व्हर म्हणजे पत्र्याचें एक चपटें खोकें. तें ज्या लोखंडी मांडणींत बसतें तिला रॅक म्हणतात. रॅकची रुंदी एकोणीस इंच ठरलेली. उंची ‘यू’ या मापानें मोजतात, आणि एक यू म्हणजे पावणेदोन इंच. बहुतेक रॅक बेचाळीस यू उंचीचे असतात. प्रत्येक खोक्यांत वीजपुरवठा करणारा स्वतःचा भाग, म्हणजे पॉवर सप्लाय, स्वतःचे पंखे आणि मागील बाजूस स्वतःच्या तारा. अशीं पंचवीस-तीस खोकीं एकावर एक रचलीं कीं पाठीमागें तारांचा असा गुंता होतो कीं, नवा माणूस कोणती तार ओढावी या विचारानेंच गांगरून जातो. शिवाय प्रत्येक खोक्यांतील पॉवर सप्लायवर त्याच्या शक्तीच्या मानानें थोडाच भार पडतो, आणि असल्या अर्धपोटीं चालणाऱ्या साधनांत विजेची नासाडी अधिक होते. तेव्हां पॉवर सप्लाय आणि पंखे खोक्यांतून काढून एका मोठ्या पेटीला द्यावे, आणि संगणकाची केवळ पातळ पाटी शिल्लक ठेवून ती पुस्तकाप्रमाणें उभी सरकवावी, असा विचार पुढें आला. या उभ्या पातळ पाटीलाच ब्लेड म्हणतात.

हा विचार प्रथम व्यवहारांत आणला तो अमेरिकेंत टेक्सस राज्यांतील ह्यूस्टन येथील आर्‌एल्‌एक्स टेक्नॉलॉजीज या लहान कंपनीनें. २००१ सालीं तिनें तीन यू उंचीच्या पेटींत चोवीस ब्लेड बसवून दाखविले. पुढच्याच वर्षीं आयबीएम या बड्या कंपनीनें सात यू उंचीच्या पेटींत चौदा ब्लेड बसविणारें ‘ब्लेडसेंटर’ बाजारांत आणलें. २००५ सालीं एचपी कंपनीनें आर्‌एल्‌एक्स विकत घेतली, आणि २००६ सालीं स्वतःची ‘सी ७०००’ ही पेटी काढली. हिची उंची दहा यू, म्हणजे साडेसतरा इंच. आंत सोळा अर्ध्या उंचीचे किंवा आठ पूर्ण उंचीचे ब्लेड मावतात. सोळा चपटीं खोकीं रचलीं असतीं तर सोळा यू लागले असते. येथें दहांत काम भागलें. बेचाळीस यूच्या एका रॅकमध्यें अशा चार पेट्या, म्हणजे चौसष्ट संगणक उभे राहूं शकतात. २००८ सालीं डेल कंपनीनेंहि अशीच दहा यूची, सोळा ब्लेडांची पेटी काढली.

महाराष्ट्रांत या पेट्यांचें नांव झालें तें पुण्यांत. पुण्याला महासंगणक नवा नव्हता. १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालींच ‘परम ८०००’ सिद्ध केला होता. पण परमचा आराखडा संस्थेनें स्वतः आंखलेला होता. २००७ सालीं टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेनें पुण्यांत जो ‘एका’ नांवाचा महासंगणक उभा केला, त्याची रीत निराळी होती. बाजारांत मिळणारे तयार भाग घेऊन, ते कौशल्यानें जोडून तो बांधलेला होता. आणि त्याचे मुख्य भाग म्हणजे एचपीचे ‘बीएल ४६० सी’ या जातीचे ब्लेड. नोव्हेंबर २००७ मध्यें जगांतील पांचशें बलाढ्य संगणकांची जी यादी प्रसिद्ध झाली तींत ‘एका’चा क्रमांक चौथा लागला, आशियांत तो पहिला ठरला. सेकंदाला सुमारें ११८ लक्ष कोटी गणितें करण्याची त्याची शक्ति त्या वेळीं मोजली गेली.

या आंकड्यापेक्षां त्यामागचा हिशेब अधिक बोलका आहे. यादींत ‘एका’च्या प्रोसेसरांचे १४,२४० गाभे नोंदलेले होते. एका ब्लेडवर चार गाभ्यांचे दोन प्रोसेसर, म्हणजे आठ गाभे. यावरून ब्लेडांची संख्या १,७८० येते. एका पेटींत सोळा धरले तर पेट्या ११२. प्रत्येक पेटींत दहा पंखे धरले तर पंखे ११२०. सहा पॉवर सप्लाय धरले तर ते ६७२. यांतील एकादा पंखा मध्यरात्रीं बंद पडला तर तो कोणता, हें कानानें ओळखणें अशक्य. आणि हातांत कंदील घेऊन अकराशें पंखे तपासीत फिरणारा पहारेकरी ठेवणेंहि तितकेंच अशक्य. म्हणून प्रत्येक पेटीला तिचा स्वतःचा कारभारी असावा लागतो. एचपीच्या पेटींत त्याला ‘ऑनबोर्ड अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात. आयबीएमनें त्याला ‘मॅनेजमेंट मॉड्यूल’ म्हटलें, आणि डेलनें ‘चेसिस मॅनेजमेंट कंट्रोलर’. नांवें निराळीं, काम एकच.

कारभाऱ्याचें काम समजण्यासाठीं आधीं त्याचें घर पाहिलें पाहिजे. पेटीच्या पुढच्या बाजूनें ब्लेड आंत सरकतात; मागच्या बाजूनें पंखे आणि बाहेरच्या जगाशीं जोडणारीं साधनें बसतात. दोहोंच्या मध्यें एक उभी पाटी असते. तिला मिडप्लेन म्हणतात. पुढचा ब्लेड आणि मागचें साधन हीं या पाटीवर एकमेकांस भेटतात, त्यामुळें सोळा संगणकांच्या तारांचा गुंता मुळांतच नाहींसा होतो. या मधल्या पाटीवर बिघडूं शकेल असा भाग शक्य तोंवर ठेवीत नाहींत. कारण ब्लेड, पंखा, पॉवर सप्लाय हीं सर्व पेटी चालू असतांना काढतां येतात आणि बदलतां येतात. मधली पाटी बदलावयाची तर सर्वच सोळा संगणक थांबवावे लागतात. घराच्या पायांत कोणी दरवाजा ठेवीत नाहीं, तसेंच हें आहे.

नवा ब्लेड आंत सरकला कीं कारभारी प्रथम त्याची ओळख पटवून घेतो. पेटींतील प्रत्येक भागावर एक चिमुकली स्मृति असते. तींत त्या भागाची जात, त्याचा अनुक्रमांक, बनविणाराचें नांव अशी माहिती लिहिलेली असते. ती वाचून कारभारी आपल्या वहींत नोंद करतो. हें होईपर्यंत ब्लेड सुरू होत नाहीं. त्याच्या अंगावर एक लहानसा स्वतंत्र रखवालदार मात्र जागा असतो. एचपीच्या ब्लेडवर त्याला ‘आयलो’ म्हणतात. मुख्य संगणक बंद असतांनाहि मंद विजेवर हा रखवालदार जागत राहतो. त्याच्या पूर्ण इंग्रजी नांवाचा अर्थच असा कीं, खोलींतील दिवे मालवून माणसें घरीं गेलीं तरी काम चालावें.

नंतर येतो विजेचा हिशेब. ब्लेडचा रखवालदार कारभाऱ्याकडे मागणी करतो कीं, या संगणकाला अमुक इतकी वीज लागेल. कारभारी शिल्लक पाहतो. सी ७००० या पेटीला आरंभीं प्रत्येकी २२५० वॅटचे सहा पॉवर सप्लाय मिळत. त्यांची बेरीज १३,५०० वॅट होते. परंतु शहाणा कारभारी ही सर्व रक्कम खर्चास धरीत नाहीं. तीन सप्लाय एका वीजवाहिनीवर आणि तीन दुसऱ्या वाहिनीवर जोडलेले असतील, तर एक वाहिनी अजिबात बंद पडली तरी उरलेल्या तिघांवर सगळी पेटी चालली पाहिजे. म्हणून तो निम्मीच, म्हणजे ६७५० वॅट एवढीच शक्ति वाटपास काढतो. शिल्लक नसेल तर नव्या ब्लेडला तो सुरू होण्याची परवानगीच देत नाहीं. घरांत एकादा नवा पाहुणा उपाशी राहिला तरी चालेल, पण आधींच्या पंधरांच्या ताटांतील अन्न जातां कामा नये, असा हा रोकडा न्याय आहे.

६७५० वॅट म्हणजे किती, याचा अंदाज गृहिणींना चटकन येईल. स्नानगृहांतील पाणी तापविण्याचा गिझर बहुधा दोन हजार वॅटचा असतो. तेव्हां सव्वातीन गिझर अहोरात्र चालू ठेवावे इतकी वीज एका पेटींत जाऊं शकते, आणि तिची अखेर जवळजवळ सर्व उष्णताच होते. ही उष्णता काढून टाकणें हें कारभाऱ्याचें सर्वांत सततचें काम. सी ७००० मधील पंखे सामान्य पंख्यांसारखे नाहींत. दूरनियंत्रणावर उडणाऱ्या खेळण्यांतील जेट विमानांच्या नळीबंद पंख्यांवरून त्यांची कल्पना घेतलेली आहे. ते सर्व वेळ पूर्ण वेगानें फिरविणें मूर्खपणाचें होईल. पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याला लागणारी वीज निम्मी नव्हे, सुमारें एक अष्टमांश होते, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. म्हणून कारभारी प्रत्येक ब्लेडच्या तापमानाची विचारपूस करीत राहतो आणि जेथें जितकी गरज तितकाच वारा सोडतो. एक पंखा मेला तर इतरांचा वेग वाढवून तो उणीव भरून काढतो, आणि माणसाला निरोप धाडतो.

येथें एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पेटींतील एकादें घर रिकामें असेल तर त्याला पत्र्याचें किंवा प्लास्टिकचें झांकण लावावें लागतें. तें न लावल्यास वारा सोपी वाट धरून त्या रिकाम्या घरांतून निघून जातो, आणि भरलेल्या घरांतील संगणक शेजारींच तापत बसतात. हें झांकण सर्वांत स्वस्त वस्तु असल्यामुळें तेंच बहुधा हरवतें. कारभारी पंखे वाढवूं शकतो. परंतु झांकण लावण्यास त्याला हात नाहींत.

तिसरी तपासणी जोडणीची. ब्लेडवरील कार्ड एका भाषेचें आणि मागील घरांतील साधन दुसऱ्या भाषेचें, असा घोळ माणसाच्या हातून सहज होतो. एकाकडे इथरनेट, दुसऱ्याकडे इन्फिनिबँड, असें जुळलें तर मधल्या पाटीवर चुकीचे संकेत एकमेकांवर आदळतील. कारभारी दोघांची ओळख वाचून आधींच ताडतो आणि न जुळणारी जोडणी सुरू होऊं देत नाहीं. लग्नाआधीं पत्रिका पाहणाऱ्या जोशीबुवांपेक्षां याचा निकाल अधिक खात्रीचा असतो, कारण त्याच्यापाशीं दोन्ही बाजूंचीं खरीं टिपणें असतात.

चौथें काम निळ्या दिव्याचें. सोळा सारख्या ब्लेडांपैकीं सातवा बिघडला, हें दूर मुंबईंत बसलेल्या इंजिनियरास कळतें. पण खोलींत उभ्या असलेल्या कामगाराला सातवा कोणता हें कसें कळावें? डावीकडून मोजावें कीं उजवीकडून? चुकून शेजारचा धडधाकट ब्लेड बाहेर ओढला, तर एक मेलेला होताच, आणि दुसरा मारला गेला. म्हणून इंजिनियर दुरून आज्ञा देतो आणि कारभारी नेमक्या त्या ब्लेडवरचा निळा दिवा लावतो. यंत्रशास्त्रांतील मोठमोठ्या युक्त्यांच्या शेजारीं ही युक्ति क्षुल्लक दिसते. परंतु तिनें वांचविलेल्या रात्री कांहीं कमी नसतील.

कारभारीच आजारी पडला तर? याची योजना दोन प्रकारें केलेली असते. एक म्हणजे जोडीला दुसरा कारभारी. दोघांपैकीं एक काम करतो आणि दुसरा शेजारीं तयारींत बसून त्याच्या वहीची नक्कल ठेवतो. पहिला गेला कीं तो गादीवर बसतो. दुसरी योजना अधिक महत्त्वाची. संगणकांचें प्रत्यक्ष काम, म्हणजे येणारे-जाणारे निरोप आणि गणितें, हीं कारभाऱ्याच्या हातून जातच नाहींत. त्यामुळें दोन्ही कारभारी एकाच वेळीं गेले तरी चालू असलेले ब्लेड चालतच राहतात. कित्येक पेट्यांत अशा वेळीं पंखे आपोआप पूर्ण वेग घेतात; कारण हिशेब करणारा कोणी नसेल तर उधळपट्टी चालेल, पण उपासमार नको. मात्र नव्या ब्लेडला परवानगी देणारा कोणी उरत नाहीं. ज्या घरांत कारभारी मेल्यावर चुली विझतात त्या घराची रचना चुकलेली असते. येथें ती चूक टाळलेली आहे.

एवढें सर्व ऐकून श्रोत्यांस वाटेल कीं, आतां माणसाला कांहीं काम उरलें नाहीं. पण कारभाऱ्याची दृष्टि पेटीच्या पत्र्यापलीकडे पोंचत नाहीं, आणि खरा धोका तेथेंच सुरू होतो. सहा सप्लाय ठीक आहेत एवढें तो सांगूं शकतो. तीन-तीनांच्या त्या दोन वाहिन्या भिंतीमागें जाऊन एकाच फलकावर मिळाल्या आहेत कीं काय, हें त्याला कधींच कळणार नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या भागांत वीज गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या. कळवा-पडघा येथील एका सर्किटचा भार दुरुस्तीसाठीं दुसऱ्यावर घेतला होता, आणि त्या दुसऱ्यांतच बिघाड झाला, असें राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनीं त्या वेळीं सांगितलें. कागदावर दोन वाटा होत्या; त्या क्षणीं वापरांत एकच होती. पेटींतील कारभाऱ्याचा जो नियम, कीं निम्मी शक्ति नेहमीं राखून ठेवावी, त्याचें महत्त्व अशा दिवशीं समजतें. आणि दुसरी वाट खरोखर दुसरी आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम माणसाचेंच आहे, हेंहि समजतें.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. ज्याच्या हातीं सोळा घरांच्या किल्ल्या, तो विश्वासू असला पाहिजे. आयलोसारखा रखवालदार दूर बसलेल्या माणसाला संगणक बंद करूं देतो, सुरू करूं देतो, त्यावर नवी प्रणाली चढवूं देतो. तेंच सामर्थ्य परक्याच्या हातीं गेलें तर? २०१७ सालीं एचपीई कंपनीला आपल्या ‘आयलो ४’ या पिढीतील एका गंभीर दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली, आणि पुढील वर्षीं संशोधकांनीं त्याचा तपशील जगापुढें मांडला. रखवालदाराकडे पाठविलेल्या विनंतीच्या एका ओळींत इंग्रजी ‘ए’ हें अक्षर एकोणतीस वेळां लिहिलें कीं परवलीचा शब्द न विचारतांच दार उघडत असे. आंत आलेला शब्द ठेवावयास जी जागा राखलेली होती ती अपुरी पडे, शब्द शेजारच्या जागेंत सांडे, आणि तपासणीचा विवेकच हरपून जाई. चोराला किल्ली बनविण्याची गरज नव्हती; तेंच अक्षर एकोणतीस वेळां म्हणण्याइतका धीर पुरेसा होता.

डिसेंबर २०२१ मध्यें इराणमधील अम्नपरदाज या सुरक्षासंस्थेनें याहून चमत्कारिक प्रकार उघडकीस आणला. एका दुष्ट कार्यक्रमानें आयलोच्या अंतर्भागांतच, म्हणजे त्याच्या फर्मवेअरमध्यें, ठाण मांडलें होतें. संगणकाची प्रणाली पुनः चढवून कांहीं उपयोग नव्हता. कारण रोग संगणकांत नव्हता, रखवालदारांत होता. तो मधून मधून डिस्कवरील माहिती पुसून टाकी. फर्मवेअर नवें करूं गेल्यास काम झाल्याचा खोटा देखावा करी आणि जुनेंच कायम ठेवी. मालकानें विचारावें, ‘सर्व ठीक आहे ना?’ आणि फितूर पहारेकऱ्यानें निर्विकार मुद्रेनें ‘ठीक आहे’ म्हणावें, असा तो प्रसंग होता.

यावरून ज्या संस्थांपाशीं अशा पेट्या आहेत, मग ती बँक असो, इस्पितळ असो वा महाविद्यालय असो, त्यांनीं पाळावयाचे नियम निघतात, आणि ते मुळींच अवघड नाहींत. कारभाऱ्याची वाट संगणकांच्या सार्वजनिक वाटेपासून वेगळी ठेवावी. ती बाहेरच्या जगाला केव्हांहि उघडी नसावी. पेटीबरोबर चिठ्ठीवर छापून आलेला पहिला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. फर्मवेअरची दुरुस्ती आळस न करतां चढवावी, आणि ती खरोखर चढली कीं नाहीं हें निराळ्या मार्गानें पडताळावें. जुनी पेटी मोडींत काढतांना ब्लेडवरील माहितीबरोबरच कारभाऱ्याच्या वहींतील नांवें आणि शब्दहि पुसावे. आणि त्याचे निरोप कोण्या जिवंत माणसाकडे पोंचतात, नोकरी सोडून गेलेल्या एकाद्याच्या पत्त्यावर नव्हे, याची वर्षांतून एकदां तरी खातरजमा करावी.

ब्लेडच्या पेटीला तिच्या मर्यादाहि आहेत. एका कंपनीचा ब्लेड दुसरीच्या पेटींत बसत नाहीं. त्यामुळें पेटी घेणारा बराच काळ एकाच दुकानाशीं बांधला जातो. थोडेच संगणक हवे असतील तर सामाईक पंख्यांचा आणि पाटीचा खर्च परवडत नाहीं. मोठमोठ्या आंतरजाल कंपन्यांनीं साध्या, सुट्या सर्व्हरांची वाट धरली. तरी पेटीची मूळ कल्पना टिकली. २०१६ सालीं एचपीईनें ‘सिनर्जी’ आणि २०१८ सालीं डेलनें ‘एमएक्स ७०००’ या नव्या पेट्या काढल्या. कारभाऱ्याशीं बोलण्याच्या भाषेंतहि एकवाक्यता येत गेली: १९९८ सालीं ठरलेल्या ‘आयपीएमआय’ या नियमावलीच्या जागीं २०१५ पासून ‘रेडफिश’ ही नवी नियमावली पसरत गेली.

पुण्याच्या ‘एका’ची संस्था २०१२ सालीं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें आपल्यांत घेतली, आणि महासंगणकांच्या यादींत त्याची जागा नव्यांनीं घेतली. पण पुण्यांतील तो उद्योग खंडला नाहीं. तेथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंत २०१८ सालीं ‘प्रत्यूष’ आणि २०२४ सालीं ‘अर्क’ हे महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. त्यांपैकीं ‘प्रत्यूष’ ज्या क्रे कंपनीच्या ‘एक्ससी ४०’ जातीचा, तिचीहि घडण ब्लेडांचीच: एका ब्लेडवर चार संगणक, एका पेटींत सोळा ब्लेड, एका कपाटांत तीन पेट्या, प्रत्येक ब्लेडवर एक लहान रखवालदार आणि प्रत्येक कपाटाला एक कारभारी.

हे महासंगणक काय करतात, तर पावसाचें गणित. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील लोकांना त्या गणिताची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं. २६ जुलै २००५ चा पूर कल्याणपासून बदलापूरपर्यंत कोणी विसरलेलें नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकली, आणि हजारांहून अधिक प्रवाशांना होड्यांतून आणि जवानांच्या मदतीनें बाहेर काढावें लागलें. ती गाडी आदल्या रात्रीं विठ्ठलवाडीच्या फलाटावरूनच पुढें गेली होती. पुढच्या पावसाळ्यांत अशा गाडीला कल्याणलाच थांबवावयाचें कीं नाहीं, हा निर्णय घेणाऱ्या माणसापुढें जो अंदाज येईल, तो पुण्यांतील अशाच कांहीं ब्लेडांवर तयार झालेला असेल. त्या रात्रीं तेथील एकादा पंखा थांबला, तर शेजारच्या पंख्यांनीं वेळेवर वेग घेतला पाहिजे. वीज गेली, तर दुसरी वाहिनी खरी दुसरी असली पाहिजे. आणि कारभाऱ्यानें धाडलेला निरोप वाचावयास कोणीतरी जागें असलें पाहिजे. यांतील पहिली गोष्ट यंत्र करील. उरलेल्या दोन माणसांनींच करावयाच्या आहेत.